बू खनूनांचं पान

१

शनिवारी सकाळी कद्दूर कारकुनाने कपाटातली जुनी नोंदवही टेबलावर उघडली, तेव्हा तीन दिवसांपूर्वी त्याने घातलेली कागदाची खूण जागच्या जागी होती. पान मात्र नव्हतं. शिवणीलगत कुणीतरी ते कापून नेलं होतं.

ऐन झबूज गावात बातमी चालत येत नाही, धावत येते. अर्ध्या तासात कॉफीच्या दुकानात डॉमिनोच्या सोंगट्या थांबल्या, आणि नगराध्यक्षांचा शिपाई मख्लूफच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सी मख्लूफ," तो अदबीने म्हणाला, "कचेरीत बोलावलंय. फ्रेंचांच्या वेळच्या वहीचं काहीतरी आहे. म्हणाले, ती अक्षरं वाचणारा आता तुमच्याशिवाय कोण उरलाय."

मख्लूफला ते वाक्य आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचा रागही आला. एकतीस वर्षं तो मस्कारा शहराच्या कोर्टात दुभाषा होता. फ्रेंच न्यायाधीश वर, अरब आरोपी खाली, आणि मध्ये मख्लूफ. फ्रेंच गेले त्याला नऊ वर्षं झाली. आता कोर्टात कैरोहून शिकून आलेली पोरं अरबीत खटले चालवत होती, आणि दुभाषाची खुर्ची कुणीतरी माळ्यावर टाकली होती. त्या पोरांचं अस्खलित बोलणं ऐकलं की मख्लूफच्या मनात असूया उठे. तो ती कुणाला दाखवत नसे.

कचेरीत नगराध्यक्ष कपाळाला हात लावून बसले होते. "नजातच्या घरचं पान गेलं," ते म्हणाले. "आणि अर्ज केल्याला आठवडाही झाला नाही."

नजात शाळेत मास्तरीण होती, बावीस वर्षांची. तिचं आडनाव बू खनूना. शेंबड्या. हे नाव तिच्या पूर्वजांनी घेतलेलं नव्हतं. नव्वद वर्षांपूर्वी गोऱ्यांनी गावोगाव टेबल मांडून प्रत्येक घराला आडनाव लावलं, म्हणजे जमिनी मोजायला आणि वाटून घ्यायला सोपं जावं. अधिकारी खुशीत असला तर बरं नाव, वैतागलेला असला तर गाढव, खेचर, कुत्र्याचं डोकं. जे वहीत उतरलं ते पिढ्यांना चिकटलं. यंदा सरकारने फर्मान काढलं, की अशी नावं बदलून मिळतील. मात्र मूळ नोंदीचं पान जोडायला हवं.

नजात दारातच उभी होती. बोटांना खडू तसाच.

"सी मख्लूफ, हजेरीच्या वेळी पोरं माझं नाव कुजबुजतात आणि नाक पुसतात," ती म्हणाली. "वसंतात माझं लग्न आहे, वहरानला. रफीकच्या घरचे काही म्हणत नाहीत, पण म्हणत नाहीत हेच मला टोचतं. त्या पानावर काय आहे ते मला ठाऊकसुद्धा नाही. कुणी वाचलेलंच नाही ते."

"तू वाचलंस?" मख्लूफने कद्दूरला विचारलं.

"मी फक्त अनुक्रमणिकेत नंबर शोधून बुधवारी खूण घातली. आज नक्कल करणार होतो."

मख्लूफने चष्मा लावला आणि कापलेली कड उजेडात धरली. कड सरळ होती, पण दर दोन बोटांवर तिच्यात बारीकशी पायरी होती, पातं थांबून पुन्हा पुढे सरकावं तशी.

"बुधवारपासून या खोलीत कोण कोण आलं?"

"हाज मिलूद सुल्तानी आले होते गुरुवारी, नातवाच्या दाखल्यासाठी. मी सही आणायला वर गेलो, तेव्हा पाव तास एकटे होते. आणि खीरा, नजातची थोरली बहीण. एक नोव्हेंबरच्या, स्वातंत्र्ययुद्धाच्या दिवसाच्या, समारंभाचे झेंडे शिवायला दोन दिवस खिडकीपाशी बसली होती. पण तिला कशाला मोजता? काम तिच्याही घरचंच."

"म्हणजे दोघं."

"तीन," नगराध्यक्ष थंडपणे म्हणाले. "तिसरा हा आमचा कद्दूर. आणि कपाटाची किल्ली याच्याच कमरेला असते. सोमवारी दुपारी मी पोलिसांना बोलावतोय, सी मख्लूफ. तोवर काय ते बघा."

२

कद्दूर मख्लूफला घेऊन अंगणात आला. तीस वर्षांचा, लवकर टक्कल पडलेला, हात सतत खिशात.

"तुम्हाला कळेलच, तेव्हा मीच सांगतो," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी माझ्या आईने नजातला मागणी घातली होती. खीराने नाही सांगितलं. म्हणाली, मुलगी शिकतेय. आणि आता तो इंजिनिअर रफीक आला तर शिक्षण संपलं म्हणे."

"राग आला?"

"राग नाही. जळलो. तिने अर्ज माझ्याच हातात दिला, तेव्हा मनात आलं, राहू दे ते नाव. वहरानच्या त्या मोठ्या घरात रोज कुणीतरी हाक मारू दे, मादाम शेंबडे म्हणून." कद्दूरने खाली पाहिलं. "पण लग्न झाल्यावर ती नवऱ्याचंच नाव लावणार. मला एवढीही अक्कल नाही, बघा. जळणाऱ्या माणसाला धूर दिसत नाही."

"खिशात काय आहे?"

कद्दूरने चाकू काढून दिला, पेन्सिली तासायचा. मख्लूफने अंगठ्याने धार पाहिली. या पात्याने कापलं असतं तर कड एका ओढीत सरळ गेली असती. पायऱ्या पडल्या नसत्या.

"आणखी एक," कद्दूर हळूच म्हणाला. "तुम्हाला तर ठाऊकच असेल. या वह्या दोन प्रतींत होत्या. एक इथे, एक मस्काराच्या कोर्टात. तिथल्या तळघरात अजून आहे ती. बसने तासाभराची वाट. मग मी इथलं पान कापून काय मिळवलं असतं?"

मख्लूफ थांबला. त्याला ते ठाऊक होतं, अर्थातच. एकतीस वर्षं त्या तळघरावरच्याच मजल्यावर त्याने काढली होती. पण त्यातून काय निघतं हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं.

"हे कुणाला बोललास?"

"नाही."

"बोलू नकोस. आज शनिवार, कोर्ट आता सोमवारीच उघडेल. ज्याने पान कापलं त्याला वाटतंय, गोष्ट संपली. म्हणजे दुसरी प्रत असते हे त्याच्या गावीही नाही. असा माणूस कोण, तेवढंच आपल्याला शोधायचंय."

३

हाज मिलूद सुल्तानी गावाच्या वरच्या अंगाला राहत असे, द्राक्षमळ्याच्या जुन्या गोऱ्या मालकाच्या बंगल्यात. मालक बासष्टच्या उन्हाळ्यात दोन बॅगा घेऊन गेला, आणि बंगला कुणाला मिळावा यावरून गावात सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. मिळाला मिलूदला. दिवाणखान्यात पियानो तसाच होता. त्यावर आता हाजची पगडी आणि सुकायला घातलेले अंजीर होते.

"या दुभाषेबुवा," हाजने कॉफी मागवली. "पान चोरलं का विचारायला आलात. नाही चोरलं. साखर किती?"

"दोन. गावात म्हणतात, बू खनूना आणि सुल्तानी मुळात एकच घर. दोन भाऊ दोन वेगळ्या दिवशी टेबलापुढे गेले, आणि दोन नावं घेऊन परतले. त्या पानाने हे सिद्ध झालं तर तुमच्या ऑलिव्हच्या बागेत त्या दोघी बहिणींचाही वाटा निघेल."

हाज हसला, पण डोळे हसले नाहीत. "गावाच्या पोटात माझा बंगला दुखतो. म्हणून बागही दुखते. खरं सांगू? एकच घर आहे. माझ्या आजाचा बाप आणि त्यांच्या आजाचा बाप सख्खे भाऊ, मसऊद आणि जिलाली. त्यांच्या बापाचं नाव गझाल." 'ग' त्याने घशाच्या तळातून काढला, जुनी माणसं काढतात तसा. "हरणासारखा पळायचा म्हणे. जिलालीला अधिकाऱ्याने सुल्तानी लिहिलं, कारण त्याने नवा बुर्नूस झगा घातला होता. मसऊदला सर्दी झाली होती."

"हे तुम्ही आजवर कबूल केलं नाहीत."

"कोण करील? शेंबड्यांशी नातं सांगून माझ्या मुलींची लग्नं झाली असती?" त्याने कप खाली ठेवला. "पण पान कापायला मी काही वेडा नाही. बागेसाठी मी सात वर्षं कोर्टात भांडलोय, त्या गोऱ्या मालकाशी. चोपन्न साली तुमच्याच कोर्टातून आमच्या पानाचा उतारा काढला. दुसरी प्रत तिथे असते हे मला पाठ आहे."

मख्लूफ उठला. या माणसाला सगळं ठाऊक होतं, म्हणून तो निर्दोष होता.

दारापर्यंत आल्यावर हाज एकदम म्हणाला, "लोक समजतात, त्या पोरी माझ्यावर जळतात. कधी चौकातला हुतात्म्यांचा दगड बघा. त्यावर त्यांच्या बापाचं नाव आहे, पहिल्याच ओळीत. बू खनूना. दर एक नोव्हेंबरला सगळा गाव त्यापुढे उभा राहतो, तेव्हा कुणी नाक पुसत नाही. सुल्तानी एकही नाही त्या दगडावर. तुम्हाला काय वाटतं, त्या दिवशी कोण कुणावर जळत असेल?"

४

रविवारी दुपारच्या नमाजानंतर मख्लूफ खीराकडे गेला. जाण्याची गरज नव्हती, असं तो स्वतःला सांगत होता. कद्दूर सुटला, हाज सुटला, आणि उरली ती सख्खी बहीण. बाहेरून कुणी चोर आला असेल का, याचाच तो वाटेत विचार करत होता.

खीरा अडतीस वर्षांची होती. आई बाळंतपणात गेली, बाप युद्धात. नजातला तिनेच वाढवलं. खोलीत शिवणयंत्राभोवती पांढऱ्या साटीनचा ढीग होता. लग्नाला सहा महिने होते, तरी तिने झगा शिवायला घेतला होता, आणि त्यावर मोती इतके दाट लावत होती की कापड खाली ओढलं जात होतं.

"बसा, सी मख्लूफ. गरम भाकरी आहे, लोणी आहे."

"झगा सुंदर होतोय."

"होणारच. माझ्यासाठी काढून ठेवलेले मोतीही यातच लावतेय." तिने दोरा दातांनी तोडला. "तिला सगळं नवं मिळतंय. नवं घर, नवा पलंग. वहरानमध्ये म्हणे नळाला गरम पाणी येतं. आता नावही नवं पाहिजे."

"तुला नको वाटतं?"

"मला कोण विचारतं? अडतीस वर्षं हेच नाव घालून फिरले. अंगाला बसलंय आता, मापाच्या कपड्यासारखं." ती हसली. "आणि नवं नाव लावून होणार काय? तो कोण रेझाल, कधीच मातीत गेला बिचारा. त्याचं नाव लावलं म्हणून आमची नजात काय शहजादी होणार? कॉफी घ्या, थंड होतेय."

मख्लूफने कॉफी घेतली. काहीतरी त्याच्या कानात अडकलं, भाताच्या घासात खडा लागावा तसं. कोर्टातही असं व्हायचं. साक्षीदार दहा मिनिटं बोलायचा, आणि त्यातला एक शब्द दुसऱ्याच कुणाच्या तोंडातला वाटायचा. पण तेव्हा लगेच भाषांतर करायचं असे, थांबायला वेळ नसे.

"झेंडे शिवताना कुणी कपाटाकडे गेलेलं पाहिलंस?"

"मी खाली मान घालून शिवते, सी मख्लूफ. मला काही दिसत नाही."

तिची लांब कात्री साटीनच्या ढिगावर पडली होती. ती उचलून बाजूला ठेवताना तिने मख्लूफकडे पाहिलं नाही.

घरी परतताना त्याने तो शब्द तीनदा उच्चारून पाहिला. रेझाल. असं नाव या मुलखात कुणाचं नसतं. तो शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. आणि तरी त्याला खात्री होती, की असे शब्द त्याने हजारदा वाचले होते.

५

सोमवारी पहिल्या बसने तो मस्काराला गेला. तळघराचा रखवालदार त्याला ओळखत होता. वहीवर धूळ होती, पण पानं सगळी होती.

अक्षर तिरकं, शाई तपकिरी. कुटुंबप्रमुख: मसऊद. बापाचं नाव. आणि तिथे, फ्रेंच अक्षरांत, ठसठशीत: रेझाल.

मख्लूफ स्टुलावर बसला. गोऱ्यांच्या कानाला आपला घशातला ग ऐकू येत नाही. ते तो र म्हणून लिहितात. एकतीस वर्षं त्याने अशा कागदांवरून र वाचून तोंडाने ग म्हटला होता, इतक्या सवयीने की फरक आहे हेही तो विसरला होता. हाज मिलूदने हे नाव बापाच्या तोंडून ऐकलं होतं, म्हणून तो गझाल म्हणाला. त्याच्याकडून आणखी कुणी ऐकलं असतं तर तोही गझालच म्हणाला असता. रेझाल म्हणणाऱ्या माणसाने हे नाव ऐकलेलं नव्हतं. वाचलं होतं. आणि ते फक्त दोनच पानांवर लिहिलेलं होतं. एक त्याच्या मांडीवर होतं.

खीरा लहानपणी चार वर्षं फ्रेंच नन्सच्या शाळेत गेली होती. तिला फ्रेंच अक्षरं येत होती.

दोन बोटांवर एक पायरी. कात्री. आणि दुसऱ्या प्रतीची कल्पनाही नसलेली एक बाई.

तो वही मिटणार, तेवढ्यात त्याला आडनावाचा रकाना दिसला. तिथे दोन शब्द होते. पहिला लिहून त्यावर एक रेघ मारली होती. त्याच्यापुढे, घाईत, 'बू खनूना'. रेघेखालचा शब्द स्पष्ट वाचता येत होता. रेझाल.

म्हणजे अधिकाऱ्याने आधी बापाचंच नाव आडनाव म्हणून लिहिलं होतं. मग त्याने मान वर केली असेल, समोरच्या माणसाचं नाक पाहिलं असेल, आणि शेजारच्याला हसवण्यासाठी एक रेघ ओढली असेल.

रखवालदाराने विचारलं, "काय सापडलं, सी मख्लूफ?"

"चोर सापडला," तो म्हणाला. "पण नीट बघितलं तर दोन आहेत, आणि एक नव्वद वर्षांपूर्वीच निसटलाय."

६

दुपारचे साडेबारा झाले होते. खीराने दार उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता यंत्राच्या खणातून घडी केलेलं पान काढून टेबलावर ठेवलं.

"कशावरून कळलं?"

"तू रेझाल म्हणालीस."

तिने पानाची घडी उलगडली. "मग काय म्हणायला हवं होतं?"

"गझाल."

"गझाल," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली, चव बघितल्यासारखं. "मला हेही ठाऊक नव्हतं."

"जाळलं का नाहीस?"

"जाळणारच होते. पण ती रेघ पाहिली. नजात घराबाहेर पडली की काढून बघते. एक मिनिटभर आम्ही चांगले लोक होतो, सी मख्लूफ. शाई वाळायच्या आत संपलं ते." तिने साटीनवर हात फिरवला. "मी एकोणीस वर्षांची असताना माझं लग्न ठरलं होतं. रेल्वेतला मुलगा. त्याला सरकारी कागद लागायचा म्हणून आम्ही कचेरीत गेलो. दोन्ही घरची माणसं होती. गोऱ्या नगराध्यक्षाने नाव वाचलं आणि विचारलं, याचा अर्थ काय होतो? त्या दिवशी मस्काराचा दुभाषा कुठल्याशा जमिनीच्या कामासाठी आला होता. कोपऱ्यात उभा होता, लाल टोपी घालून."

मख्लूफचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला.

"दुभाषाने अर्थ सांगितला. साहेबाने पुन्हा सांगायला लावला, त्याच्या बायकोला ऐकू यावा म्हणून. दुभाषाने पुन्हा सांगितला. सगळे हसले. मग मुलाची आईही हसली. आणि संध्याकाळी तिने निरोप पाठवला."

"मला आठवत नाही," मख्लूफ म्हणाला. ते खरं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

"तुम्हाला कशाला आठवेल? तुम्ही अचूक सांगितलंत. एवढंच वाटतं, तुम्ही खोटं सांगू शकला असता. दवबिंदू म्हणाला असतात, तरी त्या खोलीत कुणाला कळणार होतं?"

बाहेर कुणाचं तरी गाढव ओरडत गेलं. मख्लूफने पानाची पुन्हा घडी केली आणि ते तिच्यापुढे सरकवलं.

"ते खोटं आज सांगतो," तो शेवटी म्हणाला. "झेंड्यांच्या कापडात पान सापडलं म्हणतो. शिवण जुनी होती, निसटलं. कद्दूर सुटेल. कुणाला कळणार नाही."

खीराने बाहेर जायची हाईकची चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"नको. माझ्या वतीने आता कुणी बोलायचं नाही."

७

कचेरीत दोन पोलीस, नगराध्यक्ष, घामाघूम झालेला कद्दूर, आणि मधल्या सुट्टीत धावत आलेली नजात. खीराने पान टेबलावर ठेवलं.

"मी कापलं," ती म्हणाली. "या माणसाचा काही संबंध नाही."

नजात खुर्चीत बसली नाही, पडली. "तू?"

"मी."

"मला नाव मिळू नये असं वाटलं तुला?"

खीराने तिच्याकडे पाहिलं. "मिळावं असं वाटत होतं. शप्पथ. फक्त तुला एकटीला मिळू नये असं वाटलं. तू तिकडे गझालांची लेक म्हणून जाणार, आणि मी इथे एकटी शेंबडी राहणार. मग तू सणाला आलीस की दारात उभी राहून मला काय म्हणशील, याचाच विचार करत होते मी. झेंडे शिवताना दोन दिवस तोच विचार."

मग कद्दूरने खाकरून खण उघडला.

"एक विचारू का, खीराबाई? तुम्ही अर्ज वाचला होता?"

"कुठला अर्ज?"

"हिने दिलेला. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे." त्याने कागद पुढे सरकवला. "यात दोन नावं आहेत. पहिलं तुमचं. थोरली म्हणून. खाली तुमच्या सहीची जागा मोकळी आहे. पानाची नक्कल झाली की तुम्हाला बोलावणार होतो."

खीराने कागद हातात घेतला. अक्षर नजातचं होतं, गोल, फळ्यावर लिहितात तसं. तिने ते वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात?" नजातचा आवाज फुटला. "नाव दोघींचंच आहे ना. मी एकटीचं कसं बदलेन? मला सुचलंसुद्धा नाही असं. तुला सुचलं."

ते शेवटचे दोन शब्द खीराला लागले. ती भिंतीला टेकली. मख्लूफने कोर्टात अनेकांना शिक्षा ऐकताना पाहिलं होतं. असा चेहरा त्याने पाहिला नव्हता.

नगराध्यक्षांनी पोलिसांना हाताने खूण केली. पान परत आलं होतं, तक्रार त्यांचीच होती, आणि त्यांना ती चालवायची नव्हती. कद्दूरने डिंकाची बाटली काढली. पान पुन्हा वहीत चिकटवताना तो पुटपुटला, "मला निदान एक ताट गोड पाठवा. दोन रात्री झोपलो नाही मी."

खीरा त्याच्यापुढे गेली. "दोन वर्षांपूर्वी तुला मी नाही म्हटलं ते तिच्या शिक्षणासाठी नव्हतं," ती म्हणाली. "तू रोज तिला फुलं आणायचास. मला ते बघवत नव्हतं." कद्दूर डिंक पुसत राहिला.

मग तिने सही केली. मोकळ्या जागेत, सावकाश, पूर्ण जुनं नाव.

मख्लूफ तिच्यामागोमाग पायऱ्यांवर आला. "खीरा."

ती थांबली. "माफी मागणार आहात?"

"हो."

"आज मागू नका. मागितलीत तर मला काहीतरी म्हणावं लागेल, आणि माझ्याकडे आत्ता खरं असं काही नाही."

ती पायऱ्या उतरली. नजात बरीच पुढे निघून गेली होती, मान ताठ, पावलं भरभर, मागे न बघता. चौकाच्या वळणावर मात्र तिची चाल मंदावली आणि ती उभी राहिली. ती वळली नाही, तिने हाकही मारली नाही. नुसती उभी राहिली. खीरा तिच्यापर्यंत पोचली, तेव्हा दोघी एक शब्द न बोलता बरोबर चालू लागल्या. मधे हातभर अंतर होतं.

मख्लूफ पायऱ्यांवरून बघत होता. घरी त्याच्यासाठी असं थांबणारं कुणी नव्हतं. आणि साऱ्या आयुष्यात त्याने ज्यांचा ज्यांचा हेवा केला होता, त्या कुणाचाही एवढा केला नव्हता जेवढा त्या क्षणी त्या दोन भांडलेल्या बहिणींचा केला.